एक चाळशी, अकरा जणी

परीक्षेला बसलेल्या आजींच्या मांडीवर नातू झोपला आहे. त्याची झोपमोड नको म्हणून त्यांनी पेपर बाकावर तिरका ठेवलाय. डावा हात नातवाच्या डोक्यावर, उजव्या हातात पेन्सिल. पेपरात चिमणीचं चित्र आहे, खाली चार शब्द, आणि बरोबर शब्दाभोवती गोल करायचा आहे. आजी पहिल्या शब्दावर बोट ठेवतात, ओठ हलवतात, दुसऱ्यावर जातात, पुन्हा पहिल्यावर येतात. मग सगळ्या वर्गाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं "चिड़िया" म्हणतात आणि गोल काढतात. गोल अगदी वाटोळा, कुठे कोपरा नाही. जन्मभर पोळ्या लाटलेला हात आहे तो. एवढं झाल्यावर नाकावरची चाळशी उतरवून पदरानं पुसतात आणि मागच्या बाईकडे देतात. लवकर परत दे, माझं गणित राहिलंय, असं वर बजावतातही.

मार्चमधला रविवार आहे. जुनी इंदूरमधली एक सरकारी प्राथमिक शाळा. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघून चार दिवस झालेत, पण शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर गुलाबी-हिरवे फराटे तसेच आहेत आणि आत बसलेल्या बायकांच्या नखांतूनही रंग गेलेला नाही. फाटकावर कापडी फलक लावलाय: उल्लास, नव भारत साक्षरता कार्यक्रम. पंधरा वर्षांपुढचं जे कोणी लिहायला-वाचायला शिकलेलं नाही, त्या सगळ्यांसाठी केंद्र सरकारची ही योजना, 2022 ते 2027 अशी पाच वर्षांची. आजची परीक्षा त्यातलीच. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, या वेळात केव्हाही यायचं, तीन तासांचा पेपर द्यायचा आणि जायचं.

हे "केव्हाही" मला फार शहाणपणाचं वाटतं. दहाच्या ठोक्याला हजर राहा म्हटलं असतं तर या खोलीत आत्ता आहेत त्यातल्या निम्म्या जणीही नसत्या. कोणी तीन घरची भांडी उरकून आलीय, कोणी महापालिकेची सकाळची झाडलोट संपवून, कोणी नळाचं पाणी भरून. ज्यानं कोणी हे वेळापत्रक लिहिलं त्याला बाईचा रविवार कसा असतो हे माहीत होतं. सरकारी कागदावर अशी ओळ क्वचित सापडते, म्हणून आधी तिचं कौतुक.

खोली चौथीची आहे. बाक दहा वर्षांच्या मुलांचे. ज्यांचे गुडघे त्यात मावत नाहीत त्या खाली टाटपट्टीवर बसल्या आहेत. भिंतीवर बाराखडी, पुठ्ठ्याचं घड्याळ, पाढे. अकरा बायका आणि एक पुरुष. तो पुरुष म्हणजे एका इमारतीचा रात्रपाळीचा चौकीदार. ड्युटी संपवून थेट आलाय, अंगावर अजून निळा गणवेश आहे, आणि पेपर हातात घेऊन पाच मिनिटांत त्याचा डोळा लागलाय. परीक्षेचे निरीक्षक, शाळेतलेच मास्साब, त्याला उठवत नाहीत. "सोने दो. पाँच बजे तक टाइम है," म्हणतात.

मी आले आहे ती मावशींबरोबर. मावशी आमच्याकडे आणि आणखी तीन घरी पोळ्या करतात. माहेर चोपड्याकडचं, लग्न होऊन इंदूरला आल्या त्याला तीस वर्षांच्या वर झाली. बोलतात मराठीच, पण खानदेशी मराठीवर इंदूरचा थर चढलेला. "मी लिहून राहिले ना ताई, तुम्ही मध्ये नका बोलू," असं त्यांनी मला आल्या आल्याच सांगून ठेवलंय. म्हणून मी खिडकीच्या कट्ट्यावर बसले आहे आणि गप्प आहे.

त्या शिकायला का बसल्या, ते त्यांनी मला कणीक मळताना सांगितलंय. सासरे इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलमध्ये होते. ती मिल डिसेंबर 1991मध्ये बंद पडली आणि कामगारांची देणी अडकली ती बत्तीस वर्षं. डिसेंबर 2023मध्ये 224 कोटी रुपयांचा निकाल लागला तेव्हा जवळपास 4,800 कामगारांपैकी कितीतरी जण हयात नव्हते. त्यांच्या बायकांनी, मुलांनी, सुनांनी अर्ज भरले. मावशी सासूबाईंना घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. सासूबाईंचा अंगठा, साक्षीदार म्हणून यांचाही अंगठा. "टेबलावरचा माणूस काही वाईट बोलला नाही हो," मावशी म्हणाल्या होत्या. "त्यानं माझ्याकडे बघितलं आणि विचारलंसुद्धा नाही. शाईचा पॅड सरळ पुढे सरकवला. मी काय शिकलेली वाटत नाही का?" पुढचा पावसाळा सरल्यावर गल्लीत एक मुलगी घरोघरी नावं लिहीत फिरली. मावशींनी आपण होऊन नाव दिलं.

ती मुलगी म्हणजे आजची दुसरी निरीक्षक. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मध्य प्रदेशात तिला "अक्षर साथी" म्हणतात. हे काम करायचे पैसे मिळत नाहीत. योजना स्वयंसेवेवर चालते आणि तसं ती उघड सांगते. चार महिने संध्याकाळी सात ते आठ ही मुलगी एका घराच्या ओट्यावर या बायकांना "अक्षर पोथी"तून शिकवत आली आहे. आत्ता एकीकडे ती नावं तपासतेय, दुसरीकडे फोनवरच्या उल्लास ॲपमध्ये काहीतरी भरतेय, आणि ॲप पुन्हा पुन्हा गोल गोल फिरतंय.

मावशी दुसऱ्या पानावर आहेत. तिथे नळाचं चित्र आहे.

"नळ," त्या पुटपुटतात. मग खालच्या चार शब्दांत शोधू लागतात. मला खिडकीतून दिसतंय की त्यांचं बोट बरोबर शब्दावर जातं आणि उचललं जातं. पुन्हा जातं, पुन्हा उचललं जातं. पेपरात "नल" लिहिलेलं आहे. मावशी ज्या अक्षराच्या शोधात आहेत ते या पानावर नाही, पोथीतही नव्हतं, भिंतीवरच्या बाराखडीतही नाही. हिंदीच्या वर्णमालेत ळ नाहीच. मावशींचं नाव मी इथे लिहीत नाही, पण त्यांच्या नावातही ळ आहे. आधार कार्डावर त्या जागी ल छापलाय, राज्याच्या समग्र आयडीवर ल, बँकेच्या पासबुकावर ल. नाव लिहायला शिकवताना अक्षर साथीनं आधार समोर धरलं आणि तसंच गिरवायला लावलं. कारण सही कागदाशी जुळली नाही तर बँक परत पाठवते. मुलीची चूक नाही. मावशींनी महिनाभर ल गिरवला. मग एक दिवस पोळ्या झाल्यावर माझ्याकडून ळ काढून घेतला, पिठाच्या हातानं ओट्यावर, दोन-तीनदा. "घरात असा, बाहेर तसा," म्हणाल्या.

शेवटी त्या "नल"भोवती गोल करतात. पटलेलं नसतं, पण मार्क पाहिजेत.

आता हे इंदूर आहे. मराठी साहित्य संमेलन इथे 1917मध्ये भरलं, 1935मध्ये भरलं, 2001मध्ये भरलं. हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी 1918मध्ये इथे अध्यक्ष म्हणून आले आणि पुन्हा 1935मध्ये आले. म्हणजे एकाच वर्षात या एका शहरानं दोन्ही भाषांच्या संमेलनांचे मांडव पाहिलेत. इतक्या दुभाषी गावात पोळ्या करणाऱ्या बाईला वाचायला शिकवायची वेळ आली तेव्हा मात्र एकच भाषा उरली, तीही तिच्या घरातली नव्हे. मी यावर फार ताणून धरणार नाही, कारण मावशींना हिंदी येते, बसवरच्या पाट्या हिंदीत आहेत आणि लाडली बहना योजनेचे पैसे जमा झाल्याचा मेसेज मराठीत यायचा नाही. पण 1939मध्ये मुंबई प्रांताच्या बाळासाहेब खेर सरकारच्या काळात मुंबईत प्रौढांचे वर्ग सुरू झाले, ते चाळीचाळींतून कामगारांच्या आपापल्या भाषांत चालत. तेव्हा ना ॲप होतं, ना छापखाने आजच्यासारखे स्वस्त. तरी जमत होतं. इंदूरमध्ये मराठी, निमाडात निमाडी, झाबुआत भिली अशी निदान पहिली वीस पानं असायला काय हरकत होती?

साडेबारा होतात. चाळशी आता चौथ्या बाईकडे आहे.

हा प्रकार माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागतो. आधी वाटतं, बायका थांबून विचार करताहेत. मग दिसतं की त्या विचार करत नाहीत, वाट बघताहेत. अकरा जणींत एकच चष्मा आहे. तो मांडीवर नातू असलेल्या आजींचा, राजवाड्यासमोरच्या फुटपाथवरून घेतलेला, एका काडीला दोरा गुंडाळलेला. पेपरात तीन भाग आहेत, वाचन, लेखन आणि गणित, प्रत्येकी 50 गुणांचे. बायकांनी आपसात असं ठरवलंय की एका भागाला एकदा चाळशी मिळेल. ज्यांच्याकडे ती नसते त्या पेपर हातभर लांब धरतात, डोळे बारीक करतात, खिडकीच्या उजेडाकडे सरकतात. एकीनं तर पेपर भिंतीला टेकवून ठेवलाय आणि स्वतः दोन पावलं मागे जाऊन वाचतेय, वाचून झालं की पुढे येऊन लिहितेय.

मावशींची पाळी येते. त्या चाळशी नाकावर चढवतात, पेपरावर वाकतात आणि एकदम ताठ बसतात.

"अगं बाई."

मग माझ्याकडे वळून, परीक्षेत बोलायचं नसतं हे विसरून: "ताई, मला वाटून राहिलं होतं की माझं डोकंच चालत नाही. ही मात्रा एक आहे की दोन, ते दिसतच नव्हतं मला."

चार महिने त्या मात्रा चुकवत होत्या. अक्षर साथी चिडत होती, त्या खजील होत होत्या. ओट्यावरच्या पिवळ्या दिव्याखाली, पन्नाशी उलटलेल्या डोळ्यांनी त्या वाचत होत्या, आणि कोणाच्या डोक्यात आलं नाही की आधी डोळे बघावेत. माझ्याही आलं नाही, आणि त्या माझ्यासमोर रोज उभ्या असतात. चाळिशीनंतर जवळचं अंधुक होतं, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. मराठीत तर त्या चष्म्याचं नावच वयावरून पडलंय. ज्या योजनेचे कितीतरी विद्यार्थी याच वयाचे, तिच्यात चष्म्याला जागा नाही.

हिशेब करून पाहायला हरकत नाही. पाच वर्षांसाठी योजनेला मंजूर झाले 1,037 कोटी 90 लाख रुपये. त्यात केंद्राचे 700 कोटी, बाकी राज्यांचे. उद्दिष्ट पाच कोटी माणसं. म्हणजे माणशी 207 रुपये आणि वर काही पैसे. पोथी, प्रशिक्षण, ॲप, परीक्षा, फलक, सगळं त्यात. फुटपाथवरची चाळशी शंभर-सव्वाशेला पडते. चष्मा घेतला तर मावशींच्या वाट्याला शिक्षणासाठी ऐंशी ते शंभरेक रुपये उरतात. मला योजना आखणाऱ्यांची कीव करावी की राग धरावा, समजत नाही. एवढ्या पैशांत त्यांनी दहा ते पाचची सोय केली हेही कमी नाही.

चौकीदार जागा झालाय. तोंडावर पाणी मारून आलाय आणि झपाझप लिहितोय. त्याला गणित येतं. नोटा ओळखायच्या प्रश्नावर तो हसतोसुद्धा. त्याची गोष्ट तो नंतर, पेपर दिल्यावर व्हरांड्यात बिडी पेटवताना सांगतो. इमारतीच्या फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाव, गाडीचा नंबर, वेळ लिहायची वही होती. ती लिहिता यावी म्हणून तो शिकायला बसला, कारण वही लिहिणाऱ्या चौकीदाराला दिवसपाळी मिळते. तो शिकेपर्यंत सोसायटीनं वही बंद केली. आता पाहुण्याचा फोटो काढायचा आणि ॲपमध्ये फ्लॅट नंबर दाबायचा. दिवसपाळी बारावी पास पोराला गेली. "अपन सीख गए तो रजिस्टर ही उठा दिया, भिया," तो म्हणतो आणि त्यालाच हसू येतं. मी त्याला विचारते, मग परीक्षेला का आलात? तो माझ्याकडे असं बघतो की प्रश्नच फिजूल आहे. "नाम तो लिखना है ना."

आत मास्साब तपासायच्या पेपरांचा गठ्ठा बांधताहेत. निवृत्तीला चार-सहा वर्षं उरलेला, शांत माणूस. ते म्हणतात, यात नापास कोणी नसतं. तिन्ही भागांत तेहतीस टक्के पडले तर साक्षर, नाहीतर "सुधारणा आवश्यक" असा शेरा आणि पुढच्या खेपेस पुन्हा बसायचं. मलाही ते बरं वाटतं. पासष्टाव्या वर्षी नापासाचा शिक्का कोणाला हवाय? पण तेहतीस टक्क्यांचं साक्षरपण कितपत टिकतं, असं मी विचारते. मास्साब उत्तर देत नाहीत. उलट सांगतात की या नोकरीत त्यांनी अशा चार मोहिमा पाहिल्या.

त्यांच्या बोलण्याचा धागा पकडून मीच मनात उजळणी करते. 2 ऑक्टोबर 1978ला जनता सरकारनं राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम काढला, दहा कोटी लोकांना शिकवण्याच्या बेतानं. 1988मध्ये राजीव गांधींचं साक्षरता मिशन आलं. त्यातल्या संपूर्ण साक्षरता मोहिमांमध्ये लोक खरोखर रस्त्यावर उतरले. 1990मध्ये केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यानं सगळ्यांच्या आधी बाजी मारली. आमच्या मध्य प्रदेशात 1999मध्ये "पढ़ना बढ़ना आंदोलन" झालं. त्यात शिकवणाऱ्या गुरुजींना, माणूस मूल्यांकनात उतरला की सरकारकडून गुरुदक्षिणा मिळे. मास्साबांनी ती घेतलेली आहे आणि ते ती आठवण आनंदानं काढतात. रक्कम किरकोळ होती, म्हणतात, पण कोणीतरी मोजत होतं. मग 2009मध्ये "साक्षर भारत" आलं. गावोगाव लोकशिक्षण केंद्रं, तिथे महिना दोन हजार रुपये मानधनावर प्रेरक. मार्च 2018मध्ये ते बंद झालं आणि प्रेरक घरी बसले.

"साक्षर भारत" फक्त ग्रामीण भागासाठी होतं. म्हणजे त्या नऊ वर्षांत इंदूर शहरातल्या मावशी कोणत्याच कागदावर नव्हत्या. खेड्यात राहिल्या असत्या तर कदाचित प्रेरक दारात आला असता. चोपडा सोडून शहरात आल्या, तर शहर म्हणून गळाल्या. इंदूर जिल्ह्याची साक्षरता 2011च्या जनगणनेत 80 टक्क्यांच्या वर होती. एवढा आकडा दिसला की धोरणाची नजर पुढच्या जिल्ह्याकडे वळते आणि वस्त्यावस्त्यांतल्या बायका त्या आकड्याच्या सावलीत राहतात.

आकड्यांचं हे असंच चालतं. 2011मध्ये पंधरा वर्षांपुढचे निरक्षर होते 25.76 कोटी, त्यात बायका 16.68 कोटी. "साक्षर भारत"नं प्रमाणित केले 7.64 कोटी. उरले किती, तर सरकारी अंदाज 18.12 कोटी. ही निव्वळ वजाबाकी आहे, पेपरात मावशी आत्ता करताहेत तशीच. त्यात जो एकदा शिकला तो पुन्हा विसरत नाही असं गृहीत धरलंय. आणि ऑगस्ट 2024मध्ये केंद्रानं ठरवून दिलं की 95 टक्के झाले की राज्य पूर्ण साक्षर म्हणायचं. त्याआधी जूनमध्ये लडाखनं तसं जाहीरही केलं. पाच टक्क्यांची मुभा द्यावीच लागते, हे मला मान्य आहे. फक्त तो पाच टक्क्यांतला माणूस दर खेपेला तोच तो नसावा.

मावशी हातच्यावर अडल्या आहेत. 52 वजा 37. त्या बोटांवर मोजतात, मग सोडून देतात, मग ओठांनी काहीतरी बोलतात आणि 15 लिहितात. नंतर मला कळतं की त्यांनी आकडे बाजूला ठेवून पोळ्यांचा हिशेब केला: बावन्न पोळ्यांची कणीक, सदतीस लाटून झाल्या. हातचा न घेता उत्तर बरोबर. त्यांना हिशेब लहानपणापासून येतोच, कागदावर मांडता येत नव्हता. परीक्षेनं त्यांच्याकडून एवढंच मागितलं आणि तेवढं त्यांनी दिलं. लेखनाच्या भागात एक फॉर्म भरायचाय: नाव, पत्ता, वय, काम. "काम"पुढे त्या "पोली" लिहितात. पुन्हा तेच अक्षर. थोडा वेळ बघत बसतात आणि मग पेन्सिलीनं त्या ल ला शेपूट जोडून, त्यांच्या मते, ळ करतात. मास्साबांना ते कसं दिसेल कोण जाणे.

पावणेदोनला त्यांचा पेपर संपतो. चौथीच्या खोलीच्या कोपऱ्यात एक गोदरेजचं कपाट आहे, वर खडूनं "वाचनालय" लिहिलेलं. 2020च्या शिक्षण धोरणात प्रौढ शिक्षणाला वेगळं प्रकरण आहे. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी शाळांच्या खोल्या प्रौढांना खुल्या कराव्यात, वाचनालयं त्यांना वापरू द्यावीत, शिकवणारे प्रशिक्षित असावेत, असं सगळं त्यात चांगलं लिहिलंय. म्हणून मी मास्साबांना कपाट उघडाल का विचारते. किल्ली दुसऱ्या बाईंकडे आहे. पण कडी ढिली आहे आणि मास्साबांना युक्ती ठाऊक आहे.

आत मुलांची पुस्तकं आहेत, हत्ती, माकड, पतंग. मावशी एक उचलतात, दोन पानं चाळतात, ठेवून देतात. "हे नातवाला बरं." मग अगदी खालच्या कप्प्यातून, वाळवी लागलेल्या रजिस्टरांखालून, मास्साब पातळ पुस्तिकांची एक चवड काढतात. मुखपृष्ठं उडालेली, टाइप मोठा, ओळी सुट्या. मागे छापलंय: राज्य संसाधन केंद्र, इंदूर. हे केंद्र याच शहरातलं, भारतीय ग्रामीण महिला संघानं चालवलेलं. नवसाक्षरांसाठी पुस्तिका लिहायच्या, लेखकांना बसवून त्या सोप्या करून घ्यायच्या, असं काम तिथे होत असे. 1988च्या मिशननं तर गावोगाव जन शिक्षण निलयमही काढली होती, शिकलेल्यांना वाचत राहता यावं म्हणून. त्या वेळच्या धोरणात बरंच काही भाबडं होतं, आकडेही फुगलेले होते. तरी परीक्षेनंतर माणूस काय वाचेल हा प्रश्न कोणाला तरी पडला होता.

आजच्या योजनेतही तो कागदावर आहे. पाच घटकांपैकी शेवटचा आहे निरंतर शिक्षण. पण इथे, या खोलीत, आज त्याचं रूप म्हणजे ढिल्या कडीचं कपाट. याउलट महाराष्ट्रात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी योगेंद्र बांगर यांनी 2016च्या महिलादिनी आजीबाईंची शाळा काढली. गुलाबी नऊवारी नेसून दप्तर पाठीला लावलेल्या आज्यांचे फोटो जगभर गेले. फोटोंचं मला अप्रूप नाही. शाळा रोजची होती याचं आहे. आजी अडखळली तरी उद्या पुन्हा तिथेच बसणार होती.

मावशी त्या चवडीतली एक पुस्तिका उघडतात. बचत गटाची गोष्ट आहे. आजींकडून चाळशी पुन्हा मागून घेतात आणि पहिली ओळ वाचतात. हळू, एकेका शब्दावर थांबत, मधे एक शब्द गाळून. ओळ संपल्यावर मागे जाऊन गाळलेला शब्द घेऊन येतात.

"ही नेऊ का?" त्या विचारतात.

मास्साब म्हणतात, न्या, या रजिस्टरला चढलेल्याच नाहीत.

"आणि वर्ग? परवापासून ओट्यावर?"

अक्षर साथी फोनमधून मान वर करते. तिचा चेहरा जरा ओशाळलेला. ती मावशींना समजावून सांगते की निकाल लागला, त्या पास झाल्या, की त्यांचं नाव तिच्या यादीतून निघेल. तिला दहा नवी नावं शोधायची आहेत. एप्रिलमध्ये तिची स्वतःची परीक्षा आहे.

"निघेल म्हणजे?"

"मतलब आप साक्षर हो गईं, मौसी."

मावशी काही क्षण तिच्याकडे बघतात. मग मराठीतून, हिंदीतून, दोन्ही मिसळून त्या जे बोलतात त्याचा सारांश असा: पासबुक अजून वाचता येत नाही. त्यात इंग्रजी अक्षरं असतात. वीजबिलावर युनिट कुठे लिहिलंय ते कळत नाही. औषधाच्या पाकिटावरची तारीख सापडत नाही. ळ धड येत नाही. आणि तुम्ही म्हणता झालं? माझं नाव राहू दे यादीत, नाहीतर पेपरात दोन चुका करून येते परत.

मास्साब हसतात. मुलगी हसत नाही. ती खरोखर अडचणीत आहे, कारण मावशींचं म्हणणं तिला पटतंय आणि तिच्या ॲपमध्ये त्याला रकाना नाही.

"पैसे नकोत तुला, मला माहीत आहे," मावशी पुढे बोलतात. "तुझी परीक्षा संपेपर्यंत मी तुमच्याकडच्या पोळ्या करून देते. दहा पोळ्यांना मला पंधरा मिनिटं लागतात. तू मला पासबुक शिकव."

मुलगी नको नको म्हणते, आई रागावेल म्हणते, मग आईला विचारते म्हणते. कुठल्या दिवशी, ते ठरायला लागतं. मुलीला सोमवार-गुरुवार बरे. मावशी ऐकून घेतात आणि सांगतात की वार धरून चालणार नाही. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, वार बदलत राहतो. ज्या दिवशी आमच्या गल्लीत नळ नसेल त्या दिवशी मी साडेसातला मोकळी.

मुलगी फोनमध्ये कॅलेंडर उघडते आणि तारखा मोजू लागते. तिच्या गल्लीत पाणी नेमकं उलट्या दिवशी येतं.